डब्याला ज्यांचे नाव मिळाले

विद्यार्थी मित्रांनो आणि शाळा पाहायला आलेल्या पालकांनो,

थोर माणसांची नावे रस्त्यांना, शाळांना, धरणांना दिलेली आपण ऐकतो. पण ज्यांचे नाव चक्क कचऱ्याच्या डब्याला मिळाले, अशा एका गृहस्थांची माहिती मी आज सांगणार आहे. ते म्हणजे यूजेन पूबेल. फ्रान्स देशात लहान पोरसुद्धा कचऱ्याच्या डब्याला पूबेल असेच म्हणते.

त्यांचा जन्म १५ एप्रिल १८३१ रोजी फ्रान्समधील काँ या शहरात झाला. कायद्याचा अभ्यास करून ते कायद्याचे प्राध्यापक झाले. १८७१ पासून त्यांनी निरनिराळ्या जिल्ह्यांत आपल्या कलेक्टरसाहेबांसारखे काम केले. १८८३ साली पॅरिस शहर असलेल्या सेन जिल्ह्याचा कारभार त्यांच्याकडे आला. पॅरिसला तेव्हा महापौर नव्हता. त्यामुळे शहराची साफसफाईही त्यांनाच बघावी लागे.

पॅरिसची वस्ती वीस लाखांवर होती. लोक घरातला कचरा दारापुढे रस्त्यावरच ओतत. सकाळी गाडी येईपर्यंत ढीग तसेच पडलेले! मग घाण, वास आणि रोगराई.

२४ नोव्हेंबर १८८३ रोजी पूबेल यांनी हुकूम काढला. प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवायचे. डबा ४० ते १२० लिटरचा. ४० लिटर म्हणजे आपल्या दोन-तीन घागरी. आणि खरी गंमत पुढेच आहे बघा. डबे एक नव्हे, तीन! एकात कुजणारा कचरा, दुसऱ्यात कागद आणि चिंध्या, तिसऱ्यात काच, फुटकी भांडी आणि कालवांचे शिंपले. काय कुठे टाकायचे हे डब्यानेच माणसाला सांगावे, अशी ही योजना होती. जानेवारी १८८४ पासून हुकूम लागू झाला.

पण लोक खूश झाले नाहीत. डब्याचा खर्च पडतो म्हणून घरमालक कुरकुरले. सर्वांत मोठे संकट आले ते चिंध्या-भंगार वेचणाऱ्या हजारो गरिबांवर. पाठीवर टोपली, हातात आकडी आणि कंदील घेऊन ते रात्री ढीग धुंडाळत. आता डबे सकाळी बाहेर येत आणि लगेच गाडीत रिकामे होत. वेचायला वेळच मिळेना. त्यांचे पोट कसे भरायचे? मला वाटते, त्यांचा राग खोटा नव्हता. वर्तमानपत्रांनी तर चिडवायला म्हणून डब्यालाच पूबेल यांचे नाव देऊन टाकले. पण ते नाव इतके रुळले की १८९० साली शब्दकोशातही गेले.

पूबेल यांनी पुढे १८९४ साली घरांचे सांडपाणी थेट गटारांना जोडणे सक्तीचे केले, कारण १८९२ मध्ये पटकीची साथ येऊन गेली होती. १८९६ साली ते पोपच्या दरबारी फ्रान्सचे राजदूत झाले. १९०७ साली पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, झाकणाचा डबा टिकला, पण कचरा तीन ठिकाणी वेगळा करायची सवय काही लोकांना लागली नाही. फ्रान्समध्ये ओला कचरा वेगळा करण्याचा नियम सर्वांसाठी लागू व्हायला १ जानेवारी २०२४ उजाडावा लागला. म्हणजे १४० वर्षे! डबा कितीही हुशारीने केला तरी टाकणारा हात आपलाच असतो.

आपल्या व्हरांड्यातही हिरवा आणि निळा असे दोन डबे आहेत. हिरव्यात ओला, निळ्यात सुका. डब्यात काच टाकताना ती कागदात गुंडाळून टाकू या, कारण आजही कोणीतरी तो कचरा हाताने निवडते. पालकांनो, घरीही दोन डबे ठेवा. दुसरा डबा म्हणून जुना पत्र्याचा डबासुद्धा चालेल.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी