वाळवंट झाडणाऱ्या मारियाबाई

यंदाच्या स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे द्यायची असे ठरले, तेव्हा झाशीची राणी, रमाबाई रानडे ही नावे भराभर वाटली गेली. मी मागे राहिले. सातवीपर्यंत शिकलेली मी, लिहिण्याची सवय ती वाण्याच्या यादीपुरती. पण वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात एका गोऱ्या बाईंचे छायाचित्र पाहिले होते. रणरणत्या उन्हात ओसाड माळावर एकट्या उभ्या, आणि हातात चक्क झाडू! त्यांचे नाव मारिया राइशे. म्हटले, झाडूशी आपलीही ओळख आहे, यांच्यावरच लिहू.

मारियाबाईंचा जन्म जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी १५ मे १९०३ रोजी झाला. गणित त्यांच्या आवडीचे, त्यातच त्यांचे शिक्षण झाले. १९३२ साली त्या दूर दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात कुझ्को येथे जर्मन वाणिज्यदूताच्या मुलांना शिकवण्यासाठी गेल्या. (पेरू म्हणजे फळ नव्हे हो, देशाचेच नाव!) तिथे जखम चिघळून त्यांच्या हाताचे एक बोट गेले. पुढे लिमा या राजधानीत शिकवण्या आणि भाषांतरे करून त्या पोट भरू लागल्या.

लिमाच्या दक्षिणेस नाझकाचा कोरडा माळ आहे. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. वरचा थर काळपट तांबड्या खड्यांचा आणि खाली फिकट माती. खडे बाजूला सारले की पांढरी रेघ उमटते, आणि वारापाऊस नसल्याने शतकानुशतके टिकते. अशा रेघांनी कोणी तिथे माकड, कोळी, पक्षी काढून ठेवले आहेत. कोळी सुमारे ४६ मीटर लांब, माकड त्याच्या दुप्पट. सरळ रेघा तर कोसच्या कोस गेलेल्या. जमिनीवरून चित्र काही कळत नाही, नुसती वाट दिसते.

पॉल कोसोक या अमेरिकन अभ्यासकांना १९४१ च्या जूनमध्ये, वर्षातल्या तिथल्या सर्वांत लहान दिवशी, सूर्य बरोबर एका रेघेवर मावळताना दिसला. त्यांनी मारियाबाईंना मदतीला घेतले होते. पुढे महायुद्धामुळे जर्मन माणसांच्या प्रवासावर बंदी आली. ती उठल्यावर, १९४६ पासून, बाईंनी त्या माळालाच वाहून घेतले. पट्टी, दोरी, शिडी आणि झाडू. रेघेत घरंगळलेले खडे झाडायचे, मग मापे घ्यायची. राहायला साधी खोली, खायला मिळेल ते. गावकरी प्रथम त्यांना वेडी म्हणत, कोणी चेटकीणही म्हणत. नवरा नाही, मूल नाही, आणि उन्हात धूळ झाडत बसते, दुसरे काय म्हणणार? आपल्या गल्लीत तरी काय म्हटले असते!

माकडाच्या हातांची बोटे मोजली तर नऊच भरली. बाईंचीही नऊच. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला.

१९५५ साली त्या माळावर पाट आणून शेती करायची योजना निघाली. बाई लिमाला गेल्या, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले आणि ती योजना थांबवली. मोठा रस्ता मात्र आधीच एका सरड्याच्या चित्रातून गेला होता. वरून छायाचित्रे मिळावीत म्हणून एकदा त्यांनी स्वतःला हेलिकॉप्टरच्या बाहेरच्या बाजूला बांधून घेतले.

ही चित्रे काढली कोणी? १९६८ साली एका पुस्तकाने ती परग्रहावरच्या लोकांसाठी असल्याचे उठवले. मग गाड्या भरभरून लोक आले आणि चाकांच्या खुणा रेघांवर उमटल्या. बाईंना याचा फार संताप. दोन हजार वर्षांमागे तिथे राहणाऱ्या नाझका लोकांनी दोरी-खुंट्या घेऊन हे केले, हे त्यांना ठाऊक होते. तशीच चित्रे त्या लोकांच्या मडक्यांवर आहेत. मोठ्या चित्राशेजारी आधी काढलेला लहान नमुनाही बाईंना आढळला. आपण मोठी रांगोळी घालण्याआधी पाटीवर काढून बघतो, तसेच हे.

ती कशासाठी काढली याविषयी मात्र बाईंचे मत टिकले नाही. तारे व ऋतू दाखवणारे ते पंचांग आहे असे त्या मानीत. पण १९६८ मध्येच हॉकिन्स नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने संगणकावर ताडून पाहिले, तर फारच थोड्या रेघा जुळल्या. आजचे बरेच अभ्यासक पाण्यासाठी, पावसासाठी देवाची आराधना करीत चालायच्या त्या वाटा असाव्यात असे धरतात. बाईंनी आपले मत सोडले नाही. मला वाटते, त्यात त्या हट्टीच होत्या. पण झाडून, मापून त्यांनी चित्रे राखलीच नसती तर दुसऱ्यांनी तरी वाद कशावर घातला असता?

पुस्तकांचे पैसे त्यांनी राखणदारांच्या पगारावर घातले. १९७६ मध्ये रस्त्याकाठी मनोरा बांधवला, की लोकांनी रेघा न तुडवता वरून पाहावे. डॉक्टर असलेली बहीण रेनाटे शेवटी सोबतीला होती. म्हातारपणी नजर गेली, चाकांची खुर्ची आली. १९९४ साली युनेस्कोने त्या माळाला जागतिक वारसा ठरवले, ते त्यांच्या हयातीतच. ८ जून १९९८ रोजी लिमात, पंचाण्णवाव्या वर्षी, त्या वारल्या.

२०२४ साली जपानी अभ्यासकांनी त्याच माळावर आणखी ३०३ चित्रे शोधल्याचे जाहीर केले. बाईंची जुनी खोली आता संग्रहालय झाली आहे. तिच्याच आवारात त्यांना पुरले आहे.