हाती खराटा, मुखी नाम : श्रीसंत गाडगेबाबा

महाराष्ट्राच्या संतपरंपरेने कामाला कधीच हीन लेखले नाही. सावता महाराजांचा मळा, गोरोबाकाकांचे चाक, सेना महाराजांचा वस्तरा ही त्यांच्या भक्तीचीच साधने होती. विसाव्या शतकात ही परंपरा ज्यांनी खराटा हाती घेऊन पुढे चालविली, ते श्रीसंत गाडगेबाबा होत. त्यांच्या छायाचित्रांतील चेहरा करारी, किंबहुना कठोर भासतो. परंतु ज्यांनी त्यांना पाहिले, ऐकले, त्यांच्या आठवणींत राहिले आहेत ते हास्याने दुमदुमलेले मांडव आणि झाडता झाडता नामात रंगलेला एक वृद्ध.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी मद्याच्या आहारी जाऊन अकाली निवर्तले. मातोश्री सखुबाई लहानग्या डेबूजीस घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरगावी आल्या. मामांच्या घरी डेबूजीचे बालपण गुरे राखण्यात आणि शेतीत गेले. शाळा मिळाली नाही. मात्र गुरांचा गोठा असो वा नांगर, हाती आलेले काम हा मुलगा नीटनेटके करी आणि रात्री सवंगड्यांना जमवून भजन म्हणे. दिवसभराचे कष्ट आणि रात्रीचा नामगजर हा पुढील साऱ्या आयुष्याचा क्रम येथेच ठरला. सावकाराच्या कागदपत्रांच्या जाळ्यात सापडून मामांची जमीन गेली, तेव्हा अक्षरशत्रू असण्याची किंमत त्यांनी जवळून पाहिली. मुलांना शिकवा हा आग्रह त्यांच्या कीर्तनात अखेरपर्यंत राहिला, त्याचे मूळ या घटनेत आहे. प्रसंगी घरातील ताटे विकून हातावर भाकरी घेऊन खावी, परंतु मुलाला शाळेत घालावे, असे ते सांगत.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या कन्येच्या बारशाला जातिरिवाजाप्रमाणे मद्य व मांस यांची पंगत अपेक्षित होती. डेबूजींनी गोडाचे शाकाहारी जेवण घातले. भाऊबंद रुष्ट झाले, पण ते ढळले नाहीत. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर नाना रंगांच्या चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हाती खराटा आणि जवळ मातीचे गाडगे. तेच गाडगे पाणी पिण्याचे, तेच भिक्षेचे, आणि उन्हात तेच डोक्यावर. लोकांनी त्यावरूनच त्यांचे नाव ठेवले.

त्यांची गावात शिरण्याची रीत ठरलेली होती. वेशीपासूनच झाडू लागावे. रस्ता, पार, देवळासमोरील पटांगण, गटारे, काहीही वर्ज्य नाही. प्रारंभी पोरेटोरे मागे लागत, वेडा म्हणून हसत. बाबांना त्याचे वाईट वाटत नसे, ते झाडतच राहत. थोड्या वेळाने कोणीतरी ओशाळून पुढे येई, दुसरा घमेले आणी, आणि संध्याकाळपर्यंत सारा गाव लख्ख होई. काम केल्याखेरीज भाकरी घ्यावयाची नाही हा त्यांचा नेम होता. कोणाच्या दारी जेवण मिळावयाचे असेल, तर आधी लाकडे फोडावीत किंवा अंगण झाडावे, मग गाडग्यात भाकरी-कालवण घ्यावे.

दिवसा गावाची घाण काढावी आणि रात्री माणसांच्या मनातील घाण काढावी, असा हा दुहेरी उद्योग होता. त्यांचे कीर्तन रूढ पद्धतीचे नव्हते. गोपालाचा नामगजर झाला की बाबा वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना प्रश्न विचारू लागत. कर्ज कशासाठी काढले, दारूत किती गेले, नवसाला मुके जनावर का कापले. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून येई, आणि आपलेच उत्तर ऐकून मांडवात हशा उसळे. ज्याच्या घरी हे सारे घडत असे तोही हसे, आणि हसता हसता अंतर्मुख होई. रागावून सांगितले असते तर कदाचित एकही माणूस बसला नसता. श्रमाने आंबलेल्या शेतकरी-मजुराला दोन घटका मोकळे हसू देणे हेही मोठे पुण्यकर्मच म्हटले पाहिजे, आणि बाबांनी ते अर्धशतक केले. कीर्तन संपताच लोक पायांवर डोके ठेवावयास धावत. त्यापूर्वीच बाबा अंधारातून निघून गेलेले असत. त्यांनी कोणाला शिष्य केले नाही, कोणाला पाया पडू दिले नाही.

भाविकांच्या मनात एक प्रश्न येतो, तो टाळण्याचे कारण नाही. गाडगेबाबा पंढरीच्या वारीस जात, परंतु देवळात दर्शनाला जाण्याऐवजी ते चंद्रभागेचे वाळवंट आणि गावातील रस्ते झाडीत. देवस्थानच्या पुस्तिकेत हे का लिहावे, असे कोणास वाटेल. पण यात देवाचा अनादर नव्हता. लाखो वारकऱ्यांनी जेथे पाय ठेवावयाचा ती जागा स्वच्छ असावी, हीच त्यांची पूजा होती. कोणत्याही क्षेत्री यात्रा उलगल्यानंतर मागे उरणारे द्रोण, पत्रावळी आणि चिखल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या पूजेची थोरवी निराळी सांगावयास नको.

यात्रेकरूंच्या सोयीसाठी त्यांनी केलेले पहिले मोठे काम ऋणमोचन येथील. पूर्णा नदीच्या काठी भरणाऱ्या तेथील यात्रेत चिखलाने लोक घसरत, वृद्धांचे हाल होत. बाबांनी स्वतः माती-दगड वाहून सुरुवात केली, लोक जोडले आणि १९०८ साली तेथे घाट उभा राहिला. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा झाला. पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी बांधलेली होती. पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन करण्यात आली. यात्रांच्या ठिकाणी अंध, पंगू व कुष्ठरोगी यांना जमवून बाबा अन्नदान करीत. ज्यांच्या सावलीला लोक बिचकत, त्या कुष्ठरोग्यांना ते स्वतः न्हाऊ घालीत, नवे वस्त्र देत आणि पंगतीला बसवीत.

या सर्व कार्यासाठी दात्यांनी मुक्तहस्ते द्रव्य दिले. ते का दिले, हे देणगीदारांनी ध्यानी घ्यावे असे आहे. इमारती उभ्या राहिल्या, पण बाबांच्या हातचे गाडगे सुटले नाही. त्यांची स्वतःची भाकरी अखेरपर्यंत भिक्षेचीच होती. धर्मशाळांच्या व्यवस्थेवर त्यांनी विश्वस्त नेमले आणि आपल्या नातलगांचा त्या मालमत्तेवर कोणताही हक्क राहणार नाही असे ठरवून टाकले. पत्नी व माता यांनी साधेपणानेच दिवस काढले. कुटुंबाच्या दृष्टीने हे कठोर होते यात शंका नाही. कुंताबाईंनी जे सोसले त्याचा उल्लेख चरित्रांत ओझरता येतो, तो अधिक यावयास हवा होता.

त्यांच्या प्रसन्नतेची खरी कसोटी १९२३ साली लागली. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना एकुलता एक पुत्र गोविंदा निवर्तल्याची वार्ता आली. समोर गाव बसलेले होते. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. असंख्य जीव जातात, त्यांत एका आपल्यासाठी किती रडावे, अशा आशयाचे बोलून त्यांनी पुन्हा नामगजर धरला. पित्याच्या अंतःकरणात त्या क्षणी काय झाले असेल, ते त्यांनी पुढेही कधी फारसे उघड केले नाही. दुःख नव्हते म्हणून नव्हे, तर लांबून चालत आलेल्या श्रोत्यांना रिकाम्या मनाने परत पाठविणे त्यांना मान्य नव्हते म्हणून कीर्तन पुरे झाले, असेच मानणे योग्य वाटते.

प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले. १९५२ साली श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना होऊन संस्थांचे काम एका सूत्रात आले. वय ऐंशीकडे झुकले तरी प्रवास थांबला नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात झालेले कीर्तन हे त्यांचे अखेरचे मोठे कीर्तन ठरले. दिवसरात्र चोर-गुन्हेगारांशी गाठ असलेली पोलीस मंडळी त्या रात्री बायकामुलांसह पोट धरून हसली. पुढच्याच महिन्यात प्रकृती ढासळली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना, वलगावनजीक पेढी नदीच्या पुलापाशी, वाटेतच त्यांनी देह ठेवला. अमरावती शहरातील गाडगेनगर येथे त्यांची समाधी आहे. महाराष्ट्र शासनाने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचे नाव देण्यात आले, आणि २००५ साली अमरावती विद्यापीठासही. ज्यांना शाळेचा उंबरठा ओलांडता आला नाही, त्यांच्या नावाची पदवी आज विदर्भातील मुले घेऊन बाहेर पडतात.