मुंबईतल्या माकडामुळे लागला फॉलिक ॲसिडचा शोध, कोण होत्या लुसी विल्स?
बुलढाण्यात एखाद्या बाईला दिवस गेले की आशाताई तिच्या हातावर फॉलिक ॲसिडची गोळी ठेवतात. या गोळीची गोष्ट सुरू होते मुंबईत.

लुसी विल्स इंग्लंडच्या, जन्म १८८८ चा. आधी केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकल्या, मग डॉक्टर झाल्या. १९२८ साली त्या मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, कित्येकींचा जीव जाई. का, ते कुणालाच कळत नव्हतं.

विल्स यांनी आधी जंतू तपासले. हाती काहीच लागलं नाही. मग त्यांनी या बायकांचं ताट बघितलं. ताजी भाजी, फळं त्यात नावालाच. तसंच खाणं त्यांनी उंदरांना आणि माकडांना देऊन पाहिलं, तर त्यांचंही रक्त घटलं. मग अशाच एका माकडाला मार्माइट चारलं आणि ते चक्क तरतरीत झालं! मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरलेल्या यीस्टचा अर्क, अगदी स्वस्त. बायकांनाही तो लागू पडला. १९३१ साली त्यांनी हे छापलं.

यीस्टमध्ये नेमकं काय होतं, हे उलगडायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं. लॅटिनमध्ये फोलियम म्हणजे पान, म्हणून नाव फॉलिक ॲसिड.

विल्स १९६४ साली गेल्या. आज पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी देतात, बाळाचा मेंदू आणि मणका नीट घडावा म्हणून. मेथी, पालक, हरभरा, मुगातही हे सत्त्व असतं, पण भाजी फार शिजवली की बरंचसं निघून जातं.