सागरजीवांचा सोबती : फिलिप हेन्री गॉस

बोनकोड्याच्या मुलांस खाडी नवी नाही. चिखलात उड्या मारणारी निवटी आणि बिळात दडणारी चिंबोरी ती नावानिशी ओळखतात. परंतु माशाचे कल्ले कसे हलतात, हे त्यांनी निवांतपणे प्रथम पाहिले ते आम्ही प्राथमिक वर्गात मांडलेल्या काचेच्या पेटीत. अशा पेटीची गोडी ज्यांनी जनसामान्यांस लाविली, त्या गॉससाहेबांचे अल्पचरित्र येथे सादर करीत आहो.

त्यांचा जन्म इंग्लंडातील वुस्टर शहरी ६ एप्रिल १८१० रोजी झाला. वडील गावोगाव फिरणारे चित्रकार, घरची गरिबी. त्यामुळे १८२७ साली मुलास न्यूफाउंडलंड बेटावर कारकुनीस जावे लागले. फावल्या वेळी कीटक जमविता जमविता त्यांस सृष्टिनिरीक्षणाचा छंद जडला. पुढे कॅनडात केलेली शेती साधली नाही. १८३८ साली त्यांनी अलाबामा प्रांतात काही महिने शाळाही चालविली. (हे लिहिताना आम्हां शिक्षकांस थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.)

१८५२ साली ते डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत त्यांस अद्भुत जीवसृष्टी दिसे. पण घरी आणलेला जीव लवकरच मरे, आणि मेलेल्यावरून जिवंताची राहणी कळत नसे. पाण्यातील वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात, मासे तो घेतात व गोगलगाई कुजकी पाने खातात, हे वॉरिंग्टन नामक रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली दाखविले होते. गॉस यांनी तोच न्याय समुद्राच्या पाण्यास लावून पाहिला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यास त्यांनी सागरजीव पुरविले. पुढील वर्षी 'दि अ‍ॅक्वेरियम' हा त्यांचा सचित्र ग्रंथ निघाला व घरोघर काचेच्या पेट्या दिसू लागल्या.

१८५७ साली पत्नी एमिली कर्करोगाने वारली. त्याच वर्षी उत्पत्तीचे पुस्तक व भूगर्भशास्त्र यांचा मेळ घालण्यासाठी त्यांनी एक ग्रंथ लिहिला. तो ना धर्मनिष्ठांस रुचला, ना शास्त्रज्ञांस. आमच्या मते पवित्र शास्त्रास त्या वकिलीची गरज नव्हती.

याहून मोठे दुःख पुढेच होते. त्यांचे ग्रंथ वाचून हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या आणि युगानुयुगे अस्पर्श राहिलेली ती डबकी ओरबाडून निघाली. आपल्याच लेखणीने हे घडविले, ही जाणीव त्या भाविक मनुष्यास फार बोचली.

आमच्या पेटीतले पहिले मासेही प्रेमानेच मेले! मुलांनी मधल्या सुट्टीत भाकरीचे तुकडे टाकले, ते कुजले आणि पाणी नासले. दुसऱ्या खेपेस मुलांनी चिमूटभर खाद्य व पाणी बदलण्याची पाळी फळ्यावर लिहिली. खाडीतील जीव मात्र खाडीतच राहू द्यावे, हा नियम आम्ही घातला.

उतारवयात गॉस सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातील अतिसूक्ष्म चक्रधर प्राणी पाहात. हडसन यांच्यासह त्यांनी त्या प्राण्यांवर लिहिलेला ग्रंथ १८८६ साली प्रसिद्ध झाला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी डेव्हनमध्येच त्यांचा अंत झाला.