खाणकामगारांचा वाचक : डॉ. कार्टर वुडसन



महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या तेथील लोकांना तो अर्पण केला, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पण त्या मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलाबाळांचे पुढे काय झाले, हे आपल्या कानावर फारसे येत नाही. कायद्याने बेड्या तुटल्या, तरी शाळा, नोकरी, घर, हॉटेल, न्यायालय या सर्व ठिकाणी त्यांना वेगळे ठेवले गेले. या समाजातून निघालेल्या एका इतिहासशिक्षकाची हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे. त्यांचे नाव कार्टर गॉडविन वुडसन.

१९ डिसेंबर १८७५ रोजी व्हर्जिनिया राज्यातील न्यू कँटन या खेड्यात त्यांचा जन्म झाला. आईवडील दोघेही गुलामीत वाढलेले. वडिलांना लिहितावाचता येत नव्हते. घरची थोडीशी शेती होती आणि खाणारी तोंडे पुष्कळ होती. गावची शाळा वर्षातून चारेक महिनेच भरे आणि तेथे शिकवायला त्यांचे सख्खे मामाच होते. तेवढीही शाळा शेतीच्या कामामुळे धड होत नसे. थोडे मोठे झाल्यावर ते भावाबरोबर वेस्ट व्हर्जिनियात गेले, रेल्वेचे रूळ टाकण्याचे काम केले आणि मग कोळशाच्या खाणीत उतरले.

येथे थोडे थांबू या, कारण त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते या खाणीतच. ऑलिव्हर जोन्स नावाचे एक खाणकामगार होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले हे गृहस्थ स्वतः निरक्षर होते. पण त्यांनी आपल्या राहत्या घरात खाणकामगारांसाठी चहाफराळाची सोय केली होती आणि कृष्णवर्णीयांविषयीची पुस्तके व वर्तमानपत्रेही जमवून ठेवली होती. वाचता येत नसताना पुस्तके विकत घेणारा माणूस! आपल्याकडेही असे वडीलधारे मी पाहिले आहेत. स्वतःला अक्षर येत नाही, पण मुलाच्या वह्यापुस्तकांना पाय लागू देत नाहीत. तरुण कार्टर यांना वाचता येते असे कळल्यावर जोन्स यांनी त्यांना रोज सर्वांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगितले. मोबदल्यात खायला फुकट मिळे. दिवसभर कोळसा फोडून आलेली माणसे भोवती बसत, बातमी ऐकत, तिच्यावर वाद घालीत आणि मग युद्धातल्या, गुलामीतल्या आठवणी सांगत. कोणत्याही ग्रंथात न छापलेला इतिहास वुडसन यांनी तेथे ऐकला.

ते नियमित हायस्कुलात दाखल झाले ते १८९५ साली, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षी. मित्रांनो, हे वय पुन्हा वाचा. बेकरीत किंवा गॅरेजमध्ये दोन-तीन वर्षे काम करून पुन्हा शाळेत आलेला एखादा मुलगा लहान मुलांच्या बाकावर बसताना शरमेने मान खाली घालतो, हे मी वर्गात पाहतो. हंटिंग्टन गावच्या डग्लस हायस्कुलात वुडसन यांनी सारा अभ्यासक्रम दोन वर्षांच्या आत पुरा केला. नंतर विनोना येथे खाणकामगारांच्या मुलांना शिकविले आणि १९०० साली त्याच डग्लस हायस्कूलचे ते मुख्याध्यापक झाले.

केंटकी राज्यातील बेरिया कॉलेजातून १९०३ मध्ये त्यांनी पदवी घेतली. काळ्या-गोऱ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकविणारे हे कॉलेज होते. पुढच्याच वर्षी केंटकीने कायदा करून असे एकत्र शिक्षण बंद पाडले. वुडसन यांना एका वर्षाचा जरी उशीर झाला असता तरी ते दार त्यांच्यासाठी बंद झाले असते.

१९०३ ते १९०७ या काळात ते फिलिपाइन्समध्ये सरकारी शाळांत शिक्षक होते. हा देश तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता. तेथला एक अनुभव त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात सांगितला आहे आणि आम्हा शिक्षकांनी तो मुद्दाम वाचावा असा आहे. मोठमोठ्या विद्यापीठांतून शिकून आलेले अमेरिकन शिक्षक तेथील मुलांना सफरचंदाच्या झाडाची गाणी आणि जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टी शिकवीत. मुलांनी सफरचंद कधी पाहिलेले नव्हते. मुले मक्ख बसून राहत. मग एक गृहस्थ आले. ते मूळचे विम्याच्या धंद्यातले. अध्यापनाचे शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांनी गाण्यातले सफरचंदाचे झाड काढून ‘लोंबॉय’चे झाड घातले. हे लोंबॉय म्हणजे आपले जांभूळ! साप शिकवायचा तर त्यांनी वर्गात साप आणला. परक्या पुढाऱ्याऐवजी त्या मुलांच्या स्वतःच्या देशाचा हुतात्मा होसे रिझाल यांची गोष्ट सांगितली. वर्ग जिवंत झाला. बी. एड्. झालेल्या माझ्यासारख्याला हा प्रसंग वाचून थोडे ओशाळल्यासारखे झाले, हे कबूल करतो.

आशिया व युरोपातून प्रवास करून ते परतले. १९०८ मध्ये शिकागो विद्यापीठाची एम. ए. आणि १९१२ मध्ये हार्वर्डची इतिहासातील डॉक्टरेट त्यांनी मिळविली. हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे ते दुसरे कृष्णवर्णीय, पहिले डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस. आईवडील गुलामीत जन्मलेले असताना इतिहासात डॉक्टरेट मिळविण्याचे उदाहरण तर वुडसन यांचेच. हा अभ्यास त्यांनी वॉशिंग्टन शहरातील एका हायस्कुलात शिकवीत शिकवीत पुरा केला. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही, असे मानणारे प्राध्यापक तेव्हा हार्वर्डसारख्या ठिकाणीही होते.

ज्या वॉशिंग्टन शहरात ते शिकवीत होते, तेथल्या रोजच्या अन्यायाकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. १९१५ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेपुढे योजना मांडली : शहरात एक कार्यालय उघडावे, घरोघर फिरून सभासद करावेत आणि जे दुकानदार काळ्या गिऱ्हाइकांना समान वागणूक देत नाहीत, त्यांच्याकडे आपल्या लोकांनी खरेदीच करू नये. आपण स्वतः दारोदार हिंडू आणि एक महिन्याचे भाडेही भरू, अशी त्यांची तयारी होती. शाखेच्या वडील अध्यक्षांना ही योजना धाडसाची वाटली. कोर्टकचेरीची भीती होती. वुडसन यांना ती भीती नव्हती. योजना तशीच राहिली. जुलै १९१९ मध्ये याच शहरात वंशद्वेषाची दंगल उसळली. घरी परतताना वुडसन एका दुकानाच्या आडोशाला लपले आणि जमावाने एका कृष्णवर्णीयाला पकडून गोळी घातलेली त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली.

द्वेष हा शाळेच्या पुस्तकातूनही पेरला जातो, असे त्यांचे ठाम मत होते. एखाद्या समाजाने काही केलेच नाही असे मुलांना वर्षानुवर्षे शिकविले, तर इतर मुले त्या समाजाला तुच्छ लेखतात आणि त्या समाजाची मुले स्वतःला. म्हणून ९ सप्टेंबर १९१५ रोजी शिकागोत मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी नीग्रो जीवन व इतिहास यांच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली. (नीग्रो हा शब्द आज तेथे वापरीत नाहीत, तेव्हा ते स्वतःही वापरीत.) जानेवारी १९१६ मध्ये पदरचे पैसे घालून संस्थेचे त्रैमासिक काढले. १९२१ मध्ये प्रकाशनसंस्था काढली, कारण असली पुस्तके दुसरे कोण छापणार? पुढच्याच वर्षी शाळाकॉलेजांसाठी त्यांचे इतिहासाचे पुस्तक निघाले.

वुडसन यांचा स्वभाव सोपा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. हॉवर्ड विद्यापीठात ते डीन झाले, पण अध्यक्षांशी बिनसले आणि वर्षभरातच, १९२० मध्ये, ती नोकरी गेली. सहकाऱ्यांशी खटके उडत. संस्था एखाद्या कॉलेजाला जोडावी, हा धनिकांच्या विश्वस्त निधींचा आग्रह त्यांनी मानला नाही आणि १९३० नंतर ती मदत आटली. मला वाटते, जरा नमते घेतले असते तर त्यांचे कष्ट वाचले असते. पण संस्था त्यांच्या मनाची राहिली नसती. मग ती चालली ती शाळामास्तर, चर्चमधली मंडळी आणि साध्या कुटुंबांनी पाठविलेल्या लहानसहान देणग्यांवर. आपल्या शिक्षणसंस्थांच्या पावतीपुस्तकांतील पाच-दहा रुपयांच्या नोंदी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी नीग्रो इतिहास सप्ताह सुरू केला. फेब्रुवारीच का? अब्राहम लिंकन यांचा जन्मदिवस १२ फेब्रुवारीला, आणि गुलामीतून निसटून मोठे वक्ते झालेले फ्रेडरिक डग्लस यांचा १४ फेब्रुवारीला पाळला जाई. लोक हे दिवस आधीपासूनच मानीत होते. वुडसन यांनी त्यांना अभ्यासाची जोड दिली. शाळांना चित्रे, पाठ, नाटुकली पुरविली. मात्र सर्वत्र मोकळीक नव्हती. लुईझियानातील एका तरुण शिक्षिकेची हकीकत तिच्या विद्यार्थ्याने पुढे सांगितली. १९३३ च्या सुमारास ती वुडसन यांचे पुस्तक मांडीवर ठेवून वर्गाला वाचून दाखवी. टेबलावर सरकारी अभ्यासक्रम उघडा असे. मुख्याध्यापक दारात आले की नजर टेबलावर, गेले की पुन्हा मांडीवर!

१९३३ सालीच शिक्षणाने आपल्या समाजाचे कसे नुकसान होते, यावरील त्यांचे गाजलेले पुस्तक निघाले, आणि १९३७ पासून त्यांनी शाळांसाठी सोप्या भाषेतले वेगळे नियतकालिक चालविले. घराघरांतील जुनी पत्रे, दस्तऐवज, पावत्या जपून ठेवा, फेकू नका, असे ते लोकांना सांगत आणि ते कागद मिळवून जतन करीत. आपल्या घरच्या पेटीतही आजोबांचा एखादा भाडेकरार, एखादे जुने पत्र असेल. रद्दीवाल्याला देण्यापूर्वी मुलांना एकदा दाखवा.

लग्न त्यांनी केले नाही. १९२२ पासून वॉशिंग्टनच्या नवव्या रस्त्यावरील तीन मजली घर हेच त्यांचे कार्यालय, गोदाम आणि बिऱ्हाड होते. आफ्रिकी समाजाचा मोठा ज्ञानकोश त्यांनी हाती घेतला होता. तो अपुरा राहिला. ३ एप्रिल १९५० रोजी त्याच घरात, वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९७६ पासून त्यांचा सप्ताह साऱ्या अमेरिकेत महिनाभर पाळला जाऊ लागला, आणि नवव्या रस्त्यावरचे ते घर पुढे राष्ट्रीय स्मारक झाले.