गवंड्याचा मुलगा : सर जॉन सोन

महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'बांधकाम' असे लिहिले होते. माझे वडील गवंडी आहेत. शेजारच्या मुलाने वाचू नये म्हणून मी त्या रकान्यावर हात ठेवला होता. ग्रंथालयात सर जॉन सोन यांचे चरित्र वाचताना तो हात आठवला.

सोन यांचा जन्म 1753 साली इंग्लंडमध्ये झाला. वडील विटांचे काम करणारे गवंडी; जॉन चौदा वर्षांचा असताना ते वारले. त्यानंतर लवकरच त्याला जॉर्ज डान्स या वास्तुशिल्पज्ञाच्या हाताखाली काम मिळाले. 1776 साली रॉयल अकादमीचे सुवर्णपदक मिळाले, आणि पाठोपाठ मिळालेल्या प्रवासवृत्तीवर 1778 साली तो इटलीस निघाला.

त्या काळी पाँपेईचे उत्खनन चालू होते. जमिनीखालून खरीखुरी रोमन घरे वर येत होती. बरोक शैलीच्या सजावटीला कंटाळलेल्या युरोपला ग्रीक-रोमन खांब, कमानी, घुमट यांतला साधेपणा नव्याने दिसला. त्यातून नवअभिजात वास्तुशैली रुजली. मुंबईचा 1833 साली पुरा झालेला टाउन हॉल याच शैलीचा. सोन यांनी पेस्टमची ग्रीक मंदिरे पाहिली, अवशेषांची मापे घेतली. मापे घेणे त्यांना जड गेले नसणार!

1788 पासून पंचेचाळीस वर्षे ते बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुशिल्पज्ञ होते. सुरक्षिततेसाठी बाहेरच्या भिंतीला खिडक्या नाहीत, मग दालनांत उजेड आणायचा कोठून? सोन यांनी तो घुमटांतल्या काचांमधून वरून आणला. खांबांच्या जागी भिंतीवर नुसत्या रेघा कोरल्या. इतरांनी प्राचीनांची नक्कल केली, यांनी त्यांतले अनावश्यक काढून टाकले, असे मला वाटते. 1920 नंतर बँक नव्याने बांधताना ही दालने बहुतेक सगळी पाडली गेली.

1784 साली एका धनिक बांधकाम व्यावसायिकाच्या पुतणीशी त्यांचे लग्न झाले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या आडनावाच्या शेवटी 'ई' हे मुके अक्षर जोडले. उच्चार तोच, पण कागदावर घराणे वजनदार दिसावे! येथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

पुढे त्यांच्याच मुलाने, जॉर्जने, 1815 साली निनावी लेख लिहून बापाच्या इमारतींची टर उडवली. थोड्याच दिवसांत आई वारली. सोन यांनी ते लेख चौकटीत बसवून भिंतीवर लावले आणि त्या मुलाला कधी क्षमा केली नाही. 1833 साली पार्लमेंटच्या कायद्याने आपले घर, हजारो ग्रंथ आणि रेखाटने त्यांनी लोकांसाठी, विद्यार्थ्यांसाठी ठेवली. 1837 साली ते वारले. लंडनमधले ते घर आजही संग्रहालय म्हणून उघडे असते.

बँकेच्या घुमटाचे चित्र मी वडिलांना दाखवले. चष्मा पुसून त्यांनी ते पुष्कळ वेळ पाहिले आणि विचारले, एवढ्या काचा वर बसवल्या, तर पावसाचे पाणी कोणत्या बाजूला काढले रे?