खिळ्यांची अक्षरं

लिफ्टच्या बटणांजवळ बोट फिरवून बघा. बारीक ठिपके लागतात ना? ती ब्रेल लिपी. ती तयार करणाऱ्या लुई ब्रेलची ही गोष्ट.

लुईचा जन्म १८०९ साली फ्रान्समधल्या कूव्रे गावात झाला. त्याचे बाबा घोड्यांचे खोगीर आणि लगाम बनवायचे. तीन वर्षांचा लुई एकदा बाबांच्या आरीशी, म्हणजे चामड्याला भोक पाडायच्या टोकदार हत्याराशी, खेळत होता. ती निसटून डोळ्यात घुसली. जखम चिघळली आणि पाच वर्षांचा होईपर्यंत त्याचे दोन्ही डोळे गेले.

त्या काळी अंध मुलांना सहसा शाळेत पाठवत नसत. पण आईबाबांनी लुईला घरी बसवलं नाही. बाबांनी लाकडावर खिळे ठोकून अक्षरं बनवली. त्यावर बोट फिरवून लुई अक्षरं शिकला. धर्मगुरूंनी मास्तरांकडे शब्द टाकला आणि लुई गावच्या शाळेत इतर मुलांबरोबर बसू लागला.

१८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तिथे त्याला शार्ल बार्बिए यांची ठिपक्यांची पद्धत कळली. पण त्यात एका खुणेला १२ पर्यंत ठिपके लागायचे, ते बोटाखाली मावत नसत. लुईने ते सहावर आणले. १८२४ मध्ये त्याची लिपी तयार झाली, तेव्हा तो फक्त १५ वर्षांचा होता! आज मराठीसुद्धा त्याच सहा ठिपक्यांत लिहितात.

तुम्हालाही शिकताना काही अडत असेल, तर घरी नक्की सांगा. लुईचे बाबा काही शिक्षक नव्हते. हाताशी होते ते खिळे घेऊन त्यांनी सुरुवात केली.